शाळेचे कार्यक्रम आणि पालकांचा अधिकार

डिसेंबर सरत आला, की आपल्या जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत वर्षातला सर्वांत गजबजलेला काळ सुरू होतो. ३ जानेवारीची सावित्रीबाई फुले जयंती, २६ जानेवारीचे ध्वजवंदन, त्याच्या मागेपुढे येणारे स्नेहसंमेलन आणि बालआनंद मेळावा, पुढे २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, अशी ही मालिका असली, तरी पालकांनी केवळ प्रेक्षक म्हणून उपस्थित राहावे एवढ्यासाठी ती नाही, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

२००९च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात, आणि समितीने शाळेचा विकास आराखडा तयार करावा व अनुदानाच्या विनियोगावर देखरेख ठेवावी, अशी तजवीज केली आहे. परंतु जिचे इतिवृत्त सह्यांपुरतेच घरोघर फिरते, त्या समितीच्या हातून हे कार्य कसे व्हावे?

पालकांचा वाटा समितीपुरताच नसतो. बालआनंद मेळाव्यात तिसरीतली मुलगी कोथिंबिरीच्या जुड्या मांडून बसते आणि वीसच्या नोटेतून पाच वजा करून उरलेले पैसे मोजून परत देते, तेव्हा जुडी बांधायला शिकवणारी तिची आजीही त्या पाठाची अध्यापिकाच असते. म्हणून पालकांनी या कार्यक्रमांच्या आखणीपासूनच सहभागी व्हावे, आणि शाळांनीही सभा अशा वेळी बोलवाव्यात, की मोलमजुरी करणाऱ्या आईबापांचा रोज बुडू नये.