छातीत दुखते, सीटी कुणाची करावी?

‘चढ चढताना छाती भरून येते, बसले की बरे वाटते.’ जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरचा रुग्ण असे सांगतो, तेव्हा ती हृदयाच्या धमन्या अरुंद झाल्याची खूण असू शकते. पण पुष्कळदा ‘गॅस असेल’ म्हणून गोळी दिली जाते आणि विषय संपतो. उलट शहरात कसलाच त्रास नसलेली माणसे तपासणीच्या पॅकेजमध्ये हृदयाची सीटी अँजिओग्राफी करून घेतात. गरज एकाला, तपासणी दुसऱ्याची, असे हे चित्र आहे.

या तपासणीत हाताच्या शिरेतून आयोडिनयुक्त औषध देऊन धमन्यांचे चित्र काही सेकंदांत टिपतात. मनगटातून किंवा जांघेतून हृदयापर्यंत नळी घालावी लागत नाही. धमन्या स्वच्छ दिसल्या, तर मोठा अडथळा नाही असे बऱ्याच खात्रीने सांगता येते. मात्र धमन्यांत कॅल्शियम फार साचले असेल तर अडथळा आहे त्यापेक्षा मोठा वाटतो. मूत्रपिंडे कमजोर असतील तर आधी रक्त तपासावे लागते. शिवाय क्ष-किरणांचा मारा होतोच. म्हणून त्रास नसताना हौसेने ही तपासणी करू नये.

योग्य रुग्णाला तिचा फायदा किती? स्कॉटलंडमध्ये छातीत दुखणाऱ्या 4,146 रुग्णांचा अभ्यास झाला. 2018 मध्ये त्याचे पाच वर्षांचे निष्कर्ष आले. नेहमीच्या तपासण्यांच्या गटात 3.9 टक्के रुग्णांना हृदयविकाराचा झटका किंवा त्याने मृत्यू आला. सीटीची जोड दिलेल्या गटात हे प्रमाण 2.3 टक्के होते. आजार नेमका कळल्याने अधिक रुग्णांना स्टॅटिन, ॲस्पिरिनसारखी औषधे सुरू झाली, हे त्यामागचे महत्त्वाचे कारण मानले जाते. या गोळ्या महाग नाहीत.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. विसावा घेऊनही दुखणे थांबत नसेल, घाम फुटला असेल, कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, तर सीटीचा विचारही करू नका. 108 ला फोन करा आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात ताबडतोब ईसीजी काढा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जितके लवकर मिळेल, तितका हृदयाचा स्नायू वाचतो.

खोडाळ्याच्या मजुराला सीटीसाठी नाशिक किंवा ठाणे गाठायचे म्हणजे भाडे आणि बुडालेली मजुरी, दोन्ही सोसावे लागते. तेव्हा आरोग्य केंद्रातला ईसीजी मोबाइलवरून तज्ज्ञांना दाखवावा, त्यांनी निवडलेल्या रुग्णांना ठरल्या दिवशी सरकारी गाडीने न्यावे आणि पुढच्या गोळ्या गावातच द्याव्यात. प्रत्येक तालुक्याला सीटी यंत्र देणे लांबची गोष्ट आहे. एवढी व्यवस्था आजही जमण्यासारखी आहे.