गर्भिणी परिचर्या आणि आमची कोरी नोंदवही

मातेच्या आहाराचा परिणाम अपत्याच्या आयुष्यभराच्या आरोग्यावर होतो, असे आधुनिक संशोधन सांगू लागले की आपल्या संमेलनांतून एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘हे तर आमच्या आचार्यांनी केव्हाच सांगून ठेवले आहे.’ ऋतु, क्षेत्र, अंबु व बीज यांचा विचार आणि मासानुमासिक परिचर्या अभ्यासलेल्या वैद्यास हे विधान असत्य म्हणता येणार नाही. तथापि एवढ्यावर आपले कर्तव्य संपते काय, हा आमचा प्रश्न आहे.

इंग्लंडमधील हर्टफर्डशायर परगण्यात एथेल मार्गारेट बर्नसाइड या परिचारिकेच्या देखरेखीखाली १९११ पासून बालकांची जन्माच्या वेळची व एक वर्षाची वजने नोंदली जात. ही बाडे पुढे साउदम्प्टन विद्यापीठातील डॉ. डेव्हिड बार्कर यांच्या हाती आली. १९११ ते १९३० या काळात जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांचा मागोवा घेऊन त्यांनी १९८९ मध्ये दाखवून दिले की, बालपणी ज्यांची वजने सर्वांत कमी होती त्यांच्यात हृद्रोगाने होणारे मृत्यू सर्वाधिक होते. त्या परिचारिकांनी कोणताही सिद्धांत मांडला नव्हता. त्यांनी केवळ वजन केले आणि लिहून ठेवले.

याच विद्यापीठाच्या सहकार्याने पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्यानजीकच्या सहा गावांतील मातांचा अभ्यास आरंभिला. पालेभाज्या, फळे व दूध घेणाऱ्या मातांची बालके अधिक भरीव असल्याचे त्यात आढळले. मग मुंबईच्या वस्त्यांतील ६,५०० हून अधिक स्त्रियांवर प्रयोग झाला. एका गटास पालेभाजी, फळे व दूध घातलेला खाऊ, तर दुसऱ्यास बटाटा-कांद्यासारख्या पदार्थांचा खाऊ रोज देण्यात आला, आणि तोही गर्भधारणेपूर्वीपासून. २०१४ मध्ये निष्कर्ष आले. एकूण मातांचा विचार करता जन्मवजनात निश्चित फरक पडला नाही. गर्भधारणेपूर्वी किमान तीन महिने खाऊ घेणाऱ्यांत सरासरी ४८ ग्रॅमची वाढ दिसली. सर्वाधिक कृश मातांना मात्र तो लाभ झाला नाही.

हा शेवटचा निष्कर्ष आम्हांस मोलाचा वाटतो. क्षेत्राची सिद्धता गर्भधारणेपूर्वीच व्हावी, या आपल्या मताला त्यातून बळ मिळते. परंतु कृश स्त्रीस केवळ आहार पुरेसा होत नाही काय, तिचा अग्नि, तिचे श्रम, तिचे बालपणीचे पोषण यांचा वाटा किती, हे प्रश्नही उभे राहतात. त्यांची उत्तरे देण्यास आपण समर्थ आहोत असे आपण म्हणतो. मग आपल्या नोंदी कोठे आहेत?

प्रथम आमचाच दोष सांगतो. रत्नागिरीतील आमच्या चिकित्सालयात वीस वर्षे गर्भिणी येत आहेत. सकाळी पेज घेऊन शेतावर वा काजूच्या कारखान्यात जाणाऱ्या या भगिनी बहुधा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात प्रथम दिसतात. शतावरी दिली, दूध-तूप सांगितले. ‘बाळ छान झाले हो, डॉक्टर’ हे ऐकून समाधान मानले. मागील वर्षी एका स्नेह्यांनी जन्मवजने विचारली तेव्हा केसपेपर काढले. प्रकृती लिहिलेली होती, नाडी लिहिलेली होती. बाळाचे वजन क्वचितच होते.

म्हणून आमची विनंती साधी आहे. प्रत्येक वैद्याने एक नोंदवही ठेवावी. विवाहोत्तर पहिल्या भेटीपासून स्त्रीची उंची, वजन, हिमोग्लोबिन, प्रकृती, अग्नि, नित्याचा आहार, दिलेले औषध व त्याची मात्रा आणि शेवटी बाळाचे जन्मवजन एवढेच, तिच्या संमतीने, लिहावे. जेथे लाभ झाला नाही तेही तितक्याच प्रामाणिकपणे लिहावे. संघटनेने या नोंदींचा एकच नमुना ठरवून द्यावा.

आचार्यांनी सांगितले, हा आपला वारसा झाला. आपण काय पाहिले, हे पुढील पिढी विचारील तेव्हा कोरी वही पुढे करण्याची वेळ आपल्यावर येऊ नये.