घर-अंगण : बॉन्सायची माती आणि गव्हाची चाळण

गेल्या खेपेस आम्ही भिंतीच्या भेगेत उगवलेले पिंपळाचे रोप मुळासकट कसे काढावे, हे लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी चंद्रपूरकडच्या एका ताईंचे पत्र आम्ही बाजूला काढून ठेवले. त्या लिहितात, “रोप फुकट मिळाले. कुंडी म्हणून पत्र्याचा डबा घेतला. पण नर्सरीवाला म्हणतो, बॉन्सायला जपानची माती लागते. ती घ्यायची तर ह्यांची दिवसाची मजुरी जाते. मग हे काम आपल्यासारख्यांचे नव्हे, असे समजावे काय?”

नाही ताई, तसे मुळीच समजू नका. नर्सरीवाला अगदीच खोटे बोलला असेही नाही. त्याने अर्धी गोष्ट सांगितली. उरलेली अर्धी आम्हाला एक झाड गमावून कळली, म्हणून ती जरा विस्ताराने सांगतो.

आमच्या चाळीच्या पन्हाळीत उगवलेले पेन्सिलीएवढे पिंपळाचे रोप आमच्या मामांनी काढून आणले होते. मामा गिरणीतून घरी बसलेले. हाताला काम नाही, म्हणून जीव त्या रोपात गुंतवलेला. पिंपळ म्हणजे आपल्या घरांत बोधिवृक्ष. चाळीत अंगण नाही, तर तो कुंडीत का होईना, पण दारात असावा ही त्यांची हौस. तेलाच्या उभ्या डब्यात ते झाड तीन वर्षे उत्तम वाढले. बुंधा अंगठ्याएवढा झाला. मामा गेल्यावर त्यांच्या झाडाचा मान म्हणून आम्ही बाजारातून निळी, पसरट, चिनी मातीची कुंडी आणली. सगळे पैसे कुंडीत गेले. मातीसाठी गावाकडून येताना पिशवीभर काळी माती आणली, तीत शेणखत कालवले आणि झाड लावले. जिच्यात कापूस आणि ज्वारी पिकते, त्या मातीत एक पिंपळ मरेल, असे कोणाच्या मनात येईल?

जुलै लागला. कुंडीच्या तोंडाशी पाणी तळ्यासारखे उभे राहू लागले. ऑगस्टात पाने पिवळी पडून गळाली. आम्हाला वाटले खत कमी पडले, म्हणून आणखी खत घातले. शेवटी उपसून पाहिले तर मुळे काळी पडलेली, बोटाने दाबली की साल सुटून यायची, आणि वास गटारासारखा. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. तीच मिळेना, म्हणून मुळे आधी गुदमरली आणि मग कुजली.

मग उभ्या डब्यात तीन पावसाळे काढलेले झाड पसरट कुंडीत एका पावसाळ्यात का गेले? ह्याचे उत्तर भांडी घासायच्या स्पंजात आहे. आजच करून पाहा. स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा. ठिबकणे थांबले की तोच स्पंज उभा करा. न पिळता आणखी पाणी गळेल. मातीचे तसेच आहे. कुंडी उंच असो की बुटकी, मातीच्या तळाशी ठरावीक उंचीचा एक चिंब थर राहतोच. वीतभर खोल डब्यात तळाची दोन बोटे चिंब राहिली तरी वरची जागा मुळांना मोकळी असते. पण बॉन्सायची कुंडी मुळातच दोन-तीन बोटे खोल. तिच्यात तो चिंब थर म्हणजे सगळी कुंडीच. तळाशी खडी अंथरली की पाणी जाते, असे पुष्कळजण सांगतात. आम्हीही अंथरली होती. खडीने तो थर जात नाही, खडीच्या वरच्या मातीत जाऊन बसतो, आणि खडीने अडवलेली जागा फुकट जाते. तळाच्या भोकावर मच्छरजाळीचा तुकडा ठेवला की पुरे.

हा थर पातळ करायचा उपाय एकच : मातीचा कण मोठा हवा. पीठ भिजून चिकटते, कण्या भिजल्या तरी सुट्या राहतात, तसे हे आहे. काळ्या मातीचा कण पिठाहून बारीक. ती भिजली की फुगते, वाळली की आवळते आणि भेगाळते. भेगाळताना कुंडीतली केसासारखी मुळेही तुटतात. शेतात तिला खोली असते, कुंडीत नसते.

आता ती जपानची माती. तिचे नाव अकादामा. जपानच्या कांतो भागात ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेली ही तांबूस, दाणेदार माती. तिचा दाणा आतून सच्छिद्र असल्याने पाणी धरतो आणि दोन दाण्यांमधल्या पोकळीत हवा खेळते. माती चांगलीच आहे, ह्यात वाद नाही. पण तिकडे ती त्यांच्या मुलुखातली माती म्हणून वापरतात. आपल्या मुलुखात हेच काम बऱ्याच अंशी भाजलेली वीट करते. विटेचा तुकडा पाण्यात टाकला की बुडबुडे येतात. तेवढी हवा त्याच्या पोटात असते आणि तिच्या जागी तेवढे पाणी बसते. विटेत झाडाचे अन्न धरून ठेवण्याची ताकद मात्र कमी. म्हणून तिच्या जोडीला कुजलेले खत लागते.

पडलेल्या घराच्या, बांधकामावर फुटून उरलेल्या विटा मागितल्या तर कोणी नाही म्हणत नाही. सिमेंट किंवा चुना चिकटलेला असेल तर तो ठोकून काढावा. वीट पक्की भाजलेली हवी. तुकडा दोन दिवस पाण्यात ठेवावा, मग बोटांत चोळावा. चिखल झाला तर ती वीट कच्ची, सोडून द्यावी. उलट भट्टीत जळून काळी, काचेसारखी झालेली खंगर पाणी पीत नाही, तीही नको. जुनी मंगलोरी कौले फुटली असतील तर ती विटेपेक्षाही बरी.

वीट फडक्यात किंवा गोणपाटात गुंडाळून हातोडीने कुटावी. त्याआधी ती ओली करावी आणि नाकातोंडाला कापड बांधावे. ह्यात हयगय नको. खाणीवर, खडी-क्रशरवर ज्यांनी दिवस काढले, त्यांच्या छातीत ही धूळ काय करते ते आपल्या वस्त्यांना नव्याने सांगायला नको. लहान मुलांना ह्या कामाजवळ बसवू नये.

आता चाळणी. ह्या सगळ्या उद्योगात पैसे घालण्यासारखी वस्तू आमच्या मते ही एकच, आणि तीही बहुतेक घरांत असते. गव्हाची जुनी चाळण घ्या. (चालू वापरातली घेऊ नका, आमच्या घरी त्यावरून दोन दिवस अबोला होता.) चाळणीवर जे राहील ते कामाचे. त्यातले हरभऱ्याहून मोठे खडे परत कुटायचे. कण ज्वारीच्या दाण्यापासून तुरीच्या दाण्यापर्यंत असावा, म्हणजे साधारण तीन ते सहा मिलिमीटर. अगदी कोवळ्या, बोटभर रोपाला बाजरीएवढा चालतो. चाळणीखाली पडलेली पूड कुंडीत अजिबात घालू नये. तीच भोकांत बसून सगळी मेहनत वाया घालवते. ती पितळेची भांडी घासायला ठेवावी. चाळलेले खडे बादलीत घालून पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावे.

विटेच्या जोडीला दगडाची बारीक कच. ती पाणी धरत नाही, पण कुंडीला वजन देते आणि वाट मोकळी ठेवते. बांधकामावरची क्रश सँड मिळाली तर तीत पूड फार असते, तीही चाळून धुवावी. खाडीची रेती असेल तर तिच्यातला खार सात-आठ पाण्यांनीही पुरता जाईल ह्याची खात्री नाही. आम्ही ती घेत नाही. कोकणातल्या वाचकांना जांभ्याचा कठीण चुरा दारातच आहे, तो कचीच्या जागी चालतो.

खत म्हणजे शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत, पुरते कुजलेले. हातात घेतल्यावर वास पहिल्या पावसाच्या मातीसारखा यावा. तेही रव्याच्या चाळणीने चाळून वरचे घ्यावे. हल्ली सगळे कोकोपीट घालतात. स्वस्त आहे, हलके आहे, पण पावसाळ्यात ते दिवसेंदिवस सुकत नाही आणि उन्हाळ्यात एकदा कोरडे झाले की पाणी वरून वाहून जाते. घालायचेच तर दोन-तीनदा धुऊन, मूठभर.

प्रमाण लिटरच्या डब्याने मोजू. आठ इंची कुंडीला चार डबे माल लागतो : दोन डबे वीट, एक डबा कच, एक डबा खत. दोन विटा कुटल्या की एवढे काम होते. मुंबईत, कोकणात हे खत अर्ध्या डब्यावर आणावे आणि तेवढी वीट वाढवावी. सांताक्रूझला एकट्या जुलैत सरासरी आठशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, हे ध्यानात ठेवले म्हणजे कारण सांगायला नको. जेडसारख्या मांसल पानांच्या झाडाला तर खत नावापुरतेच.

ताई, तुमच्याकडे मात्र उलटे करावे लागेल. चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. नुसत्या विटेतले पाणी तिथे दुपारपर्यंत उडून जाईल. तुम्ही वीट दोन डबे, कच अर्धा डबा आणि खत दीड डबा घ्या. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरीकडे भातगिरण्या आहेत. तिथला कोंडा, म्हणजे भाताचे तूस, जाळून काळा कोळसा झाल्याबरोबर पाणी मारून विझवा. पांढरी राख होऊ देऊ नका. हा धुतलेला तुसाचा कोळसा अर्धा डबा, खतातूनच तेवढे कमी करून घातला तर ओल टिकते आणि माती भुसभुशीत राहते. कच्चे तूस घालू नका, ते कुजताना झाडाच्या वाट्याचा नत्र खाते. आणि तो पत्र्याचा डबा उन्हात तव्यासारखा तापतो. त्याला ओले गोणपाट गुंडाळा, दुपारी सावलीत सरकवा.

एक गोष्ट नर्सरीवाल्याने सांगायला हवी होती. तुमच्या रोपाला अजून बॉन्सायची कुंडी नकोच आहे. झाड घडणीत असते तेव्हा आधी बुंधा जाड करायचा असतो, आणि मुळे धावल्याशिवाय बुंधा जाड होत नाही. तीन-चार वर्षे तरी ते खोल डब्यातच असू द्या, तळाला चांगली पाच-सहा भोके पाडून. भाजीची जाळीदार प्लॅस्टिकची टोपली तर त्याहून बरी. मूळ जाळीबाहेर डोकावले की हवेने टोक सुकते आणि आतून नवी बारीक मुळे फुटतात. आमचा एक वड तीन वर्षे अशा टोपलीत आहे. दिसायला गबाळा, पाहुणे विचारतात, हे काय लावले आहे? पण त्याची मुळे पाहण्यासारखी आहेत.

अशा मातीत झाडाला जेवण वेळच्या वेळी द्यावे लागते, कारण पाण्याबरोबर अन्नही वाहून जाते. शेंगदाण्याची किंवा निंबोळीची पेंड मूठभर, पाण्यात तीन-चार दिवस भिजवून, वरचे पाणी दहापट पातळ करून पंधरवड्याने घालावे. भर पावसात घालू नये. वासाची पूर्वसूचना शेजाऱ्यांना द्यावी. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये, डेंग्यूचे डास तिथेच होतात.

माती बदलायची तर पिंपळ-वडाला पावसाळ्याची सुरुवात चांगली. लावून झाल्यावर तांब्याभर पाणी ओतून पाहावे. पाच-सहा आकडे मोजेपर्यंत वरचे पाणी आत गेले आणि तळाच्या भोकातून स्वच्छ पाणी आले, तर माती जमली. वर तळे साचले तर झाड तसेच ठेवून वाट पाहू नये. त्याच दिवशी काढून माल परत चाळावा. आम्ही त्या वर्षी जुलैच्या पहिल्या आठवड्यात हे केले असते तर मामांचा पिंपळ आज दारात असता. त्याची निळी कुंडी अजून रिकामीच आहे. टोपलीतला वड अजून दोन वर्षांनी तिच्यात जाईल.

पुढील खेपेस फांदीला तार कशी गुंडाळावी, आणि ती वेळेवर न काढल्यास सालीत कशी रुतते, ते पाहू. चंद्रपूरच्या ताईंनी पावसाळ्यानंतर रोपाची खुशाली जरूर कळवावी.