चीड हटवल्याने वणवे थांबतील?

उत्तराखंडच्या डोंगरांत वणवे पेटले की एक जुनी मागणी नव्याने पुढे येते : चिडाची जंगले हटवा आणि त्यांच्या जागी बांज, म्हणजे हिमालयातील ओक, लावा. २०१६ च्या उन्हाळ्यात चार हजार हेक्टरांहून अधिक वनक्षेत्र जळाले तेव्हा ती झाली आणि २०२४ मध्ये अधिक तीव्रतेने झाली. त्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस नैनितालच्या परिसरातील आग विझवण्यासाठी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरला भीमतालच्या तलावातून पाणी उचलावे लागले. १३ जून रोजी अल्मोडा जिल्ह्यातील बिनसर अभयारण्यात आग विझवण्यासाठी गेलेल्या चार वनकर्मचाऱ्यांचा होरपळून मृत्यू झाला. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या अहवालानुसार नोव्हेंबर २०२३ ते जून २०२४ या काळात उपग्रहांनी टिपलेल्या आगीच्या घटनांत उत्तराखंड देशात पहिल्या क्रमांकावर होते. ही संख्या होती २१,०३३.

या पार्श्वभूमीवर चिडाविषयीचा राग समजण्यासारखा आहे. मराठीत ‘चीड’ या शब्दाचा अर्थच संताप असा व्हावा, हा निव्वळ योगायोग. मात्र चीड हा परदेशातून आणून लादलेला वृक्ष नाही. निलगिरी किंवा घाणेरीप्रमाणे त्याला उपरा ठरवून उपटून टाकता येणार नाही. तो हिमालयाचा मूळ रहिवासी आहे. त्याचे गुणधर्म नीट पाहिल्यास, सरसकट तोडणीचा उपाय त्याच्याच पथ्यावर पडण्याची शक्यता दिसते.

अफगाणिस्तान-पाकिस्तानपासून हिमाचल प्रदेश, उत्तराखंड, नेपाळ आणि भूतानमार्गे अरुणाचलपर्यंत, साधारण ५०० ते २,००० मीटर उंचीच्या पट्ट्यात हा सदाहरित सूचिपर्णी वृक्ष नैसर्गिकरीत्या वाढतो. ‘पायनस रॉक्सबर्घाय’ हे त्याचे शास्त्रीय नाव विल्यम रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ दिलेले आहे. चांगल्या जमिनीत तो ३० ते ५० मीटर उंच होतो. सुईसारखी पाने तीन-तीनच्या जुडग्यांत येतात आणि २० ते ३० सेंटिमीटर लांब असतात. भारतात पाइनच्या इतरही देशी जाती आहेत : अधिक उंचीवरचा कैल, किन्नौरमधील चिलगोजा, मेघालयातील खासी पाइन. कोकणच्या किनाऱ्यावरील सुरूच्या बनांना अनेक पर्यटक पाइन समजतात. सुरूचा मात्र या कुळाशी काहीही संबंध नाही.

‘सदाहरित’ या विशेषणाने फसगत होण्याचा संभव आहे. चिडाची पाने साधारण वर्ष-दोन वर्षे झाडावर टिकतात आणि त्यांची मोठी गळ नेमकी मार्च ते जून या कोरड्या महिन्यांत होते. कोरड्या, उथळ मातीच्या उतारावर तर काही झाडे उन्हाळ्यात जवळजवळ निष्पर्ण भासतात. गळालेल्या पानांना कुमाऊँ-गढवालमध्ये पिरूल म्हणतात. पिरूल लवकर कुजत नाही, त्यात राळयुक्त द्रव्य असते, आणि त्याचा थर हवेशीर राहत असल्याने एक ठिणगीही पुरते. पेटलेली शंकूफळे उतारावरून गडगडत खालच्या भागात आग नेतात. बहुतेक आगींची सुरुवात मात्र माणसाकडून होते. विझवायची राहिलेली विडी, शेताच्या बांधावरचा जाळ, पावसानंतर कोवळे गवत फुटावे म्हणून मुद्दाम लावलेली आग अशी कारणे वर्षानुवर्षे नोंदली गेली आहेत. पिरुलावरून गुरांचे आणि गवत आणणाऱ्या बायकांचे पाय घसरतात, हेही तो जाळण्याचे एक कारण आहे.

या आगीत चीड स्वतः सहसा मरत नाही. मोठ्या झाडाची साल जाड असते. कोवळे रोप वरून जळाले तरी बुंध्यापाशी पुन्हा फुटू शकते, आणि ही क्षमता पाइनच्या फार थोड्या जातींत आढळते. बांजाच्या रोपांना अशा वारंवार आगी झेपत नाहीत. चिडाला भरपूर ऊन लागते, दाट सावलीत त्याची रोपे तग धरत नाहीत. पण उघडी पडलेली, मातीचा थर पातळ झालेली, दरड कोसळलेली जमीन त्याला चालते. पंख असलेले त्याचे हलके बी वाऱ्यावर दूर जाते. गुरे त्याच्या पानांना तोंड लावत नाहीत. उलट बांजाचा पाला हा डोंगरातील गुरांचा हिवाळ्यातील मुख्य चारा आणि त्याचे लाकूड उत्तम सरपण. परिणामी बांज छाटला जातो, विरळ होतो, ऊन जमिनीपर्यंत पोहोचते आणि तेथे चीड उगवतो. म्हणजे त्याची घुसखोरी बहुतांशी माणसाने उघडलेल्या वाटेनेच होते. उतारावरचा चीड एकदम तोडून जमीन मोकळी केली तर त्या उन्हात सर्वात आधी चिडाचीच रोपे उभी राहतील.

चिडाची सलग बने तयार होण्यामागे शंभर-दीडशे वर्षांचा व्यापारी इतिहास आहे. ब्रिटिश राजवटीत चिडाला दोन कारणांनी किंमत आली : रसायनांची प्रक्रिया केलेले त्याचे लाकूड रेल्वेच्या स्लीपरांसाठी चालू लागले आणि खोडाला खाचा पाडून मिळणाऱ्या लिशापासून टर्पेंटाइन व रोझिन बनू लागले. वनखात्याने चिडाच्या पुनरुत्पत्तीला प्राधान्य दिले, गावकऱ्यांचे चराई-तोडीचे हक्क आक्रसले. त्याचा भडका १९२१ मध्ये कुमाऊँत उडाला. संतप्त गावकऱ्यांनी अनेक राखीव जंगले पेटवली. रामचंद्र गुहा यांनी ‘द अनक्वाएट वूड्स’ या १९८९ च्या ग्रंथात हा संघर्ष तपशीलवार मांडला आहे. त्याच असंतोषातून पुढे १९३१ मध्ये वनपंचायतींची नियमावली आली. आज राज्यात अकरा हजारांहून अधिक वनपंचायती आहेत, आणि राज्याच्या वनक्षेत्राचा सुमारे १५ ते १६ टक्के भाग चिडाखाली आहे. लिसा काढणे अजूनही चालू आहे. खाच पाडलेल्या खोडावर ओघळून सुकलेला लिसा आगीला वर चढण्याची वाट करून देतो, ही बाब वणव्यांच्या चर्चेत क्वचितच येते.

चिपको आंदोलनानंतर, १९८१ मध्ये, एक हजार मीटरपेक्षा अधिक उंचीवर हिरवी झाडे तोडण्यास बंदी आली. डोंगर वाचवण्यासाठी ती आवश्यक होती. मात्र या बंदीने बांज आणि चीड यांना एकाच मापाने मोजले. बांजाच्या राईत शिरलेला तरुण चीड विरळ करण्याचे साधे कामही त्यामुळे अवघड झाले. सरसकट तोडणीची आजची मागणी हे याच मापाचे दुसरे टोक आहे.

पाण्याचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. चिडामुळे झरे आटतात, हा समज डोंगरात घट्ट रुजला आहे. नीती आयोगाच्या २०१८ च्या अहवालात हिमालयीन प्रदेशातील जवळपास निम्मे झरे आटत असल्याचे म्हटले आहे, आणि ज्या गावात पाण्यासाठी दोन डोंगर ओलांडावे लागतात तेथे दोषी शोधला जाणारच. बांजवनातील पालापाचोळ्याचा जाड, स्पंजासारखा थर पाणी मुरवतो, हे खरे. पण झऱ्याचे पाणी खडकाची रचना, वरच्या उतारावरील रस्ते व बांधकामे आणि पावसाचे बदललेले वेळापत्रक यांवरही अवलंबून असते. चिडाच्या बाबतीत अधिक ठोस नुकसान आगीमुळे होते. मे-जूनमध्ये उतार जळून उघडा पडतो आणि जुलैचा पहिला जोराचा पाऊस ती माती धुऊन नेतो.

पिरूल उचलला तर आगीचे इंधन कमी होईल, हे गणित सर्वांना मान्य आहे. पिथौरागढ जिल्ह्यातील बेरीनाग परिसरात ‘अवनि’ या संस्थेने पिरुलापासून वीजनिर्मिती करून दाखवली. राज्य सरकारने २०१८ मध्ये त्यासाठी स्वतंत्र धोरण आणले. मे २०२४ मध्ये ‘पिरूल लाओ, पैसे पाओ’ मोहीम जाहीर करताना किलोमागे तीन रुपयांऐवजी ५० रुपये देण्याची घोषणा झाली. घोषणेतील आकडा आकर्षक होता. अडचण दराइतकीच वाहतुकीची आहे. पिरूल हलका आणि फुगीर असतो. भला मोठा भारा बांधला तरी वजन थोडेच भरते आणि तो भारा उभ्या उतारावरून रस्त्यापर्यंत डोक्यावर आणावा लागतो. हे काम प्रामुख्याने स्त्रियांच्या वाट्याला येते, तेही शेती आणि चाऱ्याच्या कामातून उरलेल्या वेळात. विटा दाबण्याची लहान यंत्रे गावाजवळ पोहोचली नाहीत, तर दूरच्या उतारांवरचा पिरूल तेथेच राहील आणि केवळ रस्त्याकडेचाच उचलला जाईल.

मग चीड हवा कोठे? दक्षिणाभिमुख, तापलेल्या, खडकाळ उतारांवर, जेथे बांज जगत नाही, तेथे तो माती धरून ठेवतो. दरडींनी ओरबाडलेल्या जागी पहिले हिरवे आच्छादन देतो. मोकळ्या उद्यानात, विद्यापीठाच्या किंवा संस्थेच्या विस्तीर्ण आवारात एकटा अथवा लहान गटात लावलेला चीड देखणा दिसतो. त्याचे सरळ खोड, तांबूस भेगाळ साल आणि वाऱ्यातील घुमणारा आवाज यांची सर दुसऱ्या झाडाला क्वचितच येते. एकदा मूळ धरल्यावर त्याला फारसे पाणी लागत नाही. मात्र पाणथळ जमीन, सावली आणि दाटी त्याला मानवत नाहीत. घराजवळ, विजेच्या तारांखाली, शाळेच्या किंवा दवाखान्याच्या कुंपणालगत तो लावणे धोक्याचे आहे. पाने छपरावर आणि पन्हाळीत साचतात, आणि आग आली तर थेट दारात येते. डोंगरमाथ्यावरील दृश्यासाठी चिडाच्या बनात उभारलेली विश्रामगृहे आणि होमस्टे हा धोका दरवर्षी वाढवत आहेत. तेथे इमारतीभोवती पिरूलविरहित पट्टा ठेवणे ही बांधकाम परवानगीची अट असायला हवी. ओढ्यांच्या काठी, झऱ्यांच्या वर आणि उत्तराभिमुख थंड उतारांवर मात्र बांज, बुरांस आणि काफळ यांनाच जागा मिळाली पाहिजे. तेथील चीड टप्प्याटप्प्याने विरळ करत, सावलीत बांजाची रोपे वाढवत आणि ती गुरांपासून राखत हा बदल घडवावा लागेल. त्याला दशके लागतील.

मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कृत्रिम पाऊस किंवा निसर्गाची कृपा यांच्या भरवशावर राहता येणार नाही, असे राज्य सरकारला सुनावले. वनकर्मचाऱ्यांना ऐन वणव्याच्या काळात निवडणुकीच्या कामाला का लावले, अशी विचारणाही केली. बिनसरमध्ये वरच्या भागात बांज आणि बुरांसचे जंगल आहे, खालच्या उतारांवर चीड. तेथील पिरूल हिवाळ्यातच कोण उचलणार, त्याची मजुरी कोणत्या खात्यातून मिळणार आणि वनपंचायतीला त्यात निर्णयाचा अधिकार असणार की केवळ श्रमदानाचे आवाहन, हे पुढच्या पानगळीपूर्वी ठरायला हवे.