रुतलेली गाडी व ओढणारांचे प्राण

पोलादपुराहून कुडपणाकडे चढणारा रस्ता ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस त्यावर गाडी चालविणें किती जोखमीचें आहे हें सांगावयास नको. एका अंगास डोंगर, दुसऱ्या अंगास दरी, मध्यें अरुंद वाट, आणि आषाढ-श्रावणांत त्या वाटेची दरीकडील कड पाण्यानें भिजून पोकळ झालेली. तथापि खताचीं पोतीं, बियाणें, सिमेंट हीं आतां पिकअप गाडीनें दारापर्यंत येतात, ही शेतकऱ्याची मोठीच सोय झाली आहे. पावसाळ्यांत धबधबे पाहावयास येणाऱ्या शहरवासीयांच्या मोटारींची त्यांत भर पडते ती निराळीच. परंतु गाड्या आल्या तशीं रुतलेली गाडी सुखरूप काढण्याचीं साधनें व त्याचें ज्ञान मात्र आलें नाहीं. या उणिवेकडे आमच्या शेतकरी बंधूंनीं व त्यांच्या सोसायट्यांनीं लक्ष द्यावें, एवढ्यासाठींच हा लेखप्रपंच.

या तालुक्यानें दरीचे आघात पुष्कळ सोसले आहेत. २८ जुलै २०१८ रोजीं दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोंकण कृषि विद्यापीठांतील कर्मचाऱ्यांची बस आंबेनळी घाटांत दरींत कोसळली व तींतील तीस जण मृत्यू पावले. एकच इसम वांचून वर आला. जानेवारी २०२१ मध्यें खुद्द कुडपणाजवळ लग्नाचें वऱ्हाड नेणारा ट्रक दरींत गेला, व त्यांतही माणसें दगावलीं. हे अपघात गाडी ओढतांना झालेले नव्हेत, हें खरें. पण दरीच्या कांठीं यंत्राशीं झटणें म्हणजे काय, याची कल्पना येण्यास ते पुरेसे आहेत. आंबेनळीच्या प्रसंगीं दोर लावून खालीं उतरले ते महाबळेश्वर व आसपासचे गिर्यारोहक. अशा मंडळींस आपला दोर किती भार सोसतो हें ठाऊक असतें, गांठ कोणती घालावयाची तें ठरलेलें असतें, आणि हुकूम एकाचाच चालतो.

आपल्याकडे गाडी रुतली म्हणजे काय होतें? चालक प्रथम इंजिनाचा जोर वाढवितो. चाक जागच्या जागीं फिरून अधिक खोल जातें. मग गांव गोळा होतो. कोणी विहिरीवरची जुनी तार आणतो, कोणी ट्रॅक्टर आणतो, आणि तारेला गांठ मारून ‘हिसका द्या’ असा ओरडा होतो. पोरेंटोरें तारेच्या दोन्ही बाजूंस उभीं राहून गंमत पाहतात. दहांपैकीं नऊ वेळां गाडी निघते, व हीच रीत बरोबर असा सर्वांचा समज दृढ होतो.

दहाव्या वेळेचा हिशेब आधींच मांडून पाहावा. रिकामी पिकअप अदमासें सतराशें किलो भरते. तींत पन्नास किलोचीं चोवीस पोतीं असलीं तर बाराशें किलो आणखी, म्हणजे एकूण जवळजवळ तीन टन. सैन्यांत गाड्या चिखलांतून काढणाऱ्या पथकांचा ठोकताळा असा आहे कीं, चाकें तुंब्यापर्यंत रुतलीं असतां गाडीच्या सबंध वजनाइतकी ओढ लागते, आणि चिखल मडगार्डापर्यंत आला असल्यास त्याच्या दुप्पट. आतां बारा मिलिमीटर जाडीची पोलादी तार नवी असतां सुमारें आठ टनांस तुटते. परंतु तारेस तिच्या तुटण्याच्या बळाचा पांचवा हिस्सा एवढाच भार द्यावा असा नियम आहे, म्हणजे दीड टनाच्या थोडें वर. विहिरीवरची तार जुनी, गंजलेली, तींत गांठ मारलेली. गांठीनें तर दोराचें बळ निम्म्यापर्यंतही घटतें. त्यावर हिसका दिला म्हणजे ओढ क्षणभर कित्येक पटींनीं वाढते. अशी ताणलेली तार तुटली कीं तिच्यांत सांठलेली शक्ति दोन्ही टोकांनीं एकदम बाहेर पडते, आणि तिच्या वाटेंत माणसाचा पाय आला तर तो राहत नाहीं. तारेपेक्षांही भयंकर म्हणजे तिच्याबरोबर सुटून येणारा आंकडा. तो बंदुकीच्या गोळीसारखा येतो.

यास्तव ओढण्यापूर्वींचें काम हेंच खरें काम होय. आमचे आजे-पणजे बैलगाडी रुतली असतां प्रथम ओझें उतरवीत, चाकापुढचा चिखल फावड्यानें काढीत, खालीं धोंडे व फांद्या घालीत, आणि मगच बैलांस हांक देऊन चाकास हात लावीत. तीच रीत मोटारीसही लागू आहे. चोवीस पोतीं उतरविलीं कीं बाराशें किलोंची ओढ गेली. चाकांपुढें उतरता चर खणला कीं उरलेल्यापैकींही पुष्कळ गेली. टायरमधील हवा थोडी कमी केल्यास चाकाची पकड वाढते, मात्र जवळ पंप हवा व डांबरी रस्त्यास लागण्यापूर्वीं हवा पुन्हा भरली पाहिजे. एवढें केल्यावर कित्येक गाड्या दोरावांचून निघतात.

ट्रॅक्टरविषयीं निराळें सांगणें अवश्य आहे, कारण त्यांत ओढणाराच मरतो. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांस जोर मिळतो. तीं अडकून बसलीं व इंजिनाचा जोर वाढविला, तर चाकें फिरण्याऐवजीं ट्रॅक्टरचें धूडच आंसाभोंवतीं फिरूं लागतें आणि तोंड वर उचललें जातें. पाऊण सेकंदांत तें अशा टप्प्यास पोंचतें कीं क्लच दाबूनही उपयोग होत नाहीं, व आणखी तितक्याच वेळांत ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर असतो. ओढीचा दोर आंसापेक्षां वर बांधला म्हणजे हा अनर्थ हमखास ओढवतो. म्हणून दोर किंवा सांखळी नेहमीं खालच्या ओढदांड्यासच लावावी, वरच्या जोडकामास कधींही नाहीं. खाचरांत रुतलेल्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांस लांकडाचा ओंडका सांखळीनें आवळून ‘बाहेर चढविण्याची’ युक्ति कित्येक ठिकाणीं नामी समजली जाते. ती आमच्या मतें आत्महत्येची युक्ति होय. रुतलेला ट्रॅक्टर शक्य तर मागें घेऊन काढावा. स्वीडन देशानें १९५९ सालींच प्रत्येक नव्या ट्रॅक्टरवर चालकाच्या रक्षणाची पोलादी चौकट सक्तीची केली, व पुढील कांहीं दशकांत उलटण्यानें होणारे मृत्यू तेथें जवळजवळ नाहींसे झाले. आपल्याकडे बहुतेक ट्रॅक्टरांवर ती नसते. छत्री मात्र हौसेनें बसवितात.

कुडपणासारख्या उताराच्या गांवीं आणखी एक दोर लागतो, व तोच बहुधा विसरला जातो. ओढीच्या दोरानें गाडी हलली म्हणजे ती कोणत्या दिशेस घसरेल हें सांगवत नाहीं. याकरितां डोंगराच्या अंगास मजबूत झाडाच्या बुंध्याशीं रुंद पट्ट्यानें बांधलेला दुसरा दोर गाडीस आधींपासून ताणलेला असावा, चाकांमागें धोंडे असावे, आणि दरीकडील बाजूस व गाडीच्या खालच्या अंगास एकही माणूस उभा राहूं नये. पावसानें मुळें उघडीं पडलेलें झाड या कामीं घेऊं नये. कड खचूं लागली असेल, पाऊस थांबत नसेल, किंवा अंधार पडला असेल, तर त्या दिवशीं गाडी ओढूंच नये. ती दोरानें जखडून ठेवून घरीं जावें. गाडीचा विमा उतरतां येतो, व नसला तरी ती कर्ज काढून पुन्हा घेतां येते.

‘जेसीबी बोलाविला कीं झालें’ असें कित्येक म्हणतील. जेसीबी मिळाल्यास तो उत्तमच. परंतु तो सात टनांहून अधिक वजनाचा असतो व तीच पोकळ कड त्यालाही दगा देते. शिवाय तार त्याच्या खोऱ्याच्या दातांस अडकविण्याची जी चाल पडली आहे ती अत्यंत वाईट; तेथून ती केव्हांही निसटते. आणि तो पोंचेलच याची हमी काय? जुलै २०२१ मध्यें महाबळेश्वरीं चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या वेळीं तळिये, केवनाळे, साखर-सुतारवाडी येथें दरडी कोसळल्या, आंबेनळी घाट बंद पडला, आणि मदतीच्या पथकांसही गांवें गांठतांना वाट मिळेना. अशा वेळीं गांवांत जें असेल तेंच कामास येतें.

म्हणून आमची सूचना अशी आहे कीं, प्रत्येक डोंगरी गांवाच्या सेवा सोसायटीनें अथवा अवजार बँकेनें एक पेटी ठेवावी. तींत दहा मिलिमीटर जाडीच्या, ‘८०’ दर्जाच्या दोन सांखळ्या असाव्या; अशी एक सांखळी सवातीन टनांच्या आंत-बाहेर भार निर्धोकपणें सोसते. भार कोरलेले चार शॅकल, झाडासाठीं रुंद पट्टे, एक भक्कम कप्पी, चामडी हातमोजे, दोन फावडीं व चाकाखालीं घालावयाच्या फळ्या एवढें पुरे. कप्पीनें ओढ निम्मी लागते, पण जेथें ती बांधली त्या झाडावर भार दुप्पट येतो, हें पेटीच्या झांकणावरच लिहून ठेवावें. द्रव्यबळ असेल तर हातानें दांडा मारून ओढावयाचें तारयंत्र, ज्यास कारागीर टिरफॉर म्हणतात, तें घ्यावें. तें सावकाश ओढतें, हिसका देत नाहीं, व दरीच्या कांठीं त्याहून चांगलें साधन नाहीं. हा सर्व खर्च एकट्या शेतकऱ्यास जड वाटेल. वीस-पंचवीस घरांनीं मिळून केल्यास नाहीं. ट्रॅक्टर व टिलर घेतांना आपण अनुदानाचे अर्ज भरण्यांत महिना घालवितों, मग त्यास काढावयाच्या सांखळीसाठीं एक बैठक घ्यावयास काय हरकत आहे?

पेटीबरोबर माणूसही ठरला पाहिजे. मृगापूर्वीं कोरड्या जमिनीवर एकदां तालीम करावी व हुकूम देणारा एकच नेमावा; त्यानें हात वर केला कीं सर्वांनीं थांबावें, मग गाडीचा मालक गांवचा पाटील कां असेना. ताणलेल्या दोरावर मध्यभागीं भिजलेलें गोणपाट किंवा जाड गोधडी टाकावी, म्हणजे तुटल्यास त्याचा झोला कमी होतो. तरीही दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरापर्यंत कोणी उभें राहूं नये. दोरावरून ओलांडून जाणाऱ्यास तेथल्या तेथें घरीं पाठवावें.

राहतां राहिला पेटी ठेवण्याच्या जागेचा प्रश्न. ती पोलादपुरास गोदामांत न ठेवतां कुडपणांतच, वरच्या अंगास, कुलपाची एक किल्ली दोन घरीं देऊन ठेवावी. खालीं ठेवलेली पेटी, रस्ता तुटल्यावर, वर कोण आणणार?