हसतील त्यांचे दात दिसतील

(तृतीय वर्ष कला)

'हसतील त्यांचे दात दिसतील' अशी एक म्हण आपल्याकडे आहे. लोक हसले तर खुशाल हसू द्या, त्यात त्यांचेच दात दिसतील, आपले काय जाते, असा तिचा धीर देणारा अर्थ. ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली त्याचे स्वतःचे दात मात्र शाबूत असले पाहिजेत, असे मला नेहमी वाटत आले आहे. ज्याचा पुढचा दात तुटलेला असतो त्याला लोकांच्या हसण्याचे फारसे काही वाटत नाही. स्वतःला मोकळेपणी हसता येत नाही, हे त्याचे खरे दुखणे असते.

हे मी अनुभवाने सांगते. मी नऊ वर्षांची असताना आमच्या गावातल्या हापशीचा दांडा हातातून निसटून माझ्या तोंडावर बसला आणि वरच्या पुढच्या दोन दातांपैकी डाव्या दाताचा कोपरा तुटला. रक्त थांबले, ओठाची सूज उतरली आणि प्रकरण मिटले असे घरच्यांनी मानले. दात दुखत नव्हता, भाकरी चावता येत होती. पण त्या दिवसापासून बोलताना वरचा ओठ ओढून धरण्याची आणि हसू आले की ओढणी तोंडाशी नेण्याची जी सवय लागली, ती अकरा वर्षे टिकली. भाषण तोंडपाठ असूनही वक्तृत्व स्पर्धेत मी नाव दिले नाही. उत्तर येत असूनही वर्गात हात वर केला नाही. शाळेतल्या बाई मला 'लाजाळूचे झाड' म्हणत. मी मुळीच लाजाळू नव्हते. माझा एक दात तुटलेला होता, एवढेच!

गेल्या वर्षी तो दात मी नीट करून घेतला. दाताचे डॉक्टर या उपचाराला 'बाँडिंग' म्हणतात. त्यावरून घरात, नात्यात आणि या महाविद्यालयाच्या आवारातही जी चर्चा झाली, तिनेच मला हा लेख लिहायला भाग पाडले.

पहिला आक्षेप आजीचा. "दुखून तर नाही ना राहिला? मग कशाला हात लावतं त्याले?" आजीच्या काळी माणूस दाताच्या डॉक्टरकडे जायचा तो दात उपटायलाच, तेव्हा तिला दोष देता येत नाही. दुसरा आक्षेप काकांचा. "माणसाचे गुण पाहावेत, दात काय पाहायचे?" तिसरा आक्षेप आमच्याच वर्गातल्या एका मित्राचा. "हे शहरातले चोचले आहेत. इथे लोकांना औषधाला पैसे नाहीत, आणि तू दाताचा कोपरा बसवून घेतेस!" हा तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. त्याचा विचार शेवटी करू.

काकांचे म्हणणे ऐकायला फार सुंदर आहे. पण हेच काका मागच्या दिवाळीनंतर चुलतभावासाठी मुलगी पाहून आले, तेव्हा ओसरीवर बसल्या बसल्या त्यांचे पहिले वाक्य होते, "मुलगी शिकलेली आहे, घरही चांगलं आहे, पण दात काही बरोबर नाहीत." बैलबाजारात दात पाहून बैलाचे वय ठरवतात आणि मग भाव ठरतो. दुसा की चौसा, हे विचारल्याशिवाय कुणी दोरी हातात घेत नाही. बैलाच्या बाबतीत त्याला व्यवहार तरी म्हणता येईल. माणसाच्या बाबतीत दात पाहून किंमत ठरवायची, आणि ज्याने ते दात नीट करून घेतले त्याला वर गुणांचा उपदेश करायचा, हा कुठला न्याय? समाजाने आधी पाहणे सोडावे, मग आम्ही दुरुस्त करणे सोडू. तोवर तुटलेला दात जोडणाऱ्याला छचोर म्हणण्याचा अधिकार कुणाला नाही.

आता हा उपचार म्हणजे नेमके काय, हे सांगायला हवे. कारण आक्षेप घेणाऱ्यांपैकी कुणालाच ते ठाऊक नव्हते. खरे सांगायचे तर मलाही नव्हते. मला वाटत होते की दात घासून त्यावर कॅप बसवतील. तसे काहीच झाले नाही. डॉक्टरांनी आधी माझ्या दातांच्या रंगाशी जुळणारी छटा निवडली. हे काम अगदी सुरुवातीला करतात, कारण दात कोरडा पडला की मूळच्या रंगापेक्षा पांढरा दिसू लागतो आणि छटा चुकते. मग तुटलेल्या कडेवर फॉस्फोरिक आम्लाची निळसर जेल काही सेकंद लावून धुऊन टाकली. दाताचे वरचे कवच, ज्याला एनॅमल म्हणतात, ते आपल्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे. आम्लाने त्यावर डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे पडतात. त्यांत एक पातळ चिकट द्राव शिरतो, आणि त्यावर काँपोझिट नावाचा लोण्यासारखा मऊ पदार्थ थराथराने चढवून दाताचा आकार घडवतात. प्रत्येक थरावर निळा प्रकाश धरला की तो काही सेकंदांत दगडासारखा घट्ट होतो. शेवटी घासून, चकाकी आणून संपले! सुई नाही, वेदना नाही. चाळीस मिनिटे लागली आणि अठराशे रुपये. ते मी सुट्टीत शिकवण्या घेऊन जमवले होते.

या चाळीस मिनिटांमागचा इतिहास मात्र मोठा आहे. मायकेल ब्युओनोकोर या अमेरिकन दंतवैद्याने 1955 साली दाखवून दिले, की एनॅमलवर आम्ल लावले तर त्यावर प्लास्टिकसारखा पदार्थ घट्ट चिकटून राहतो. धातूवर रंग नीट बसावा म्हणून कारखान्यात आधी आम्ल लावतात, त्यावरून त्याला ही कल्पना सुचली होती. पुढे राफेल बोवेन या दुसऱ्या अमेरिकन संशोधकाने नवे रेझिन तयार करून त्यात सिलिकाची बारीक पूड मिसळली. 1962 साली त्याला त्याचे पेटंट मिळाले, आणि आजचे काँपोझिट त्याच वाटेने आले. त्याआधी पुढचा दात तुटला की चांगला दात सगळीकडून कोरून त्यावर टोपण चढवायचे किंवा तो तसाच ठेवायचा, असेच बहुतेक मार्ग होते. निरोगी दात न कोरता तुटलेला भाग जोडता येणे, हे मला चोचल्याचे लक्षण वाटत नाही. ती काटकसर आहे. एनॅमल एकदा गेले की पुन्हा उगवत नाही. हाड सांधते, कातडी भरून येते, पण दाताचे कवच घडवणाऱ्या पेशी दात वर येतानाच संपलेल्या असतात. म्हणून जो उपचार या कवचाला कमीत कमी धक्का लावतो, तो तरुण वयात सर्वांत शहाणपणाचा.

पण एकाच बाजूने बोलले तर तो लेख राहत नाही, जाहिरात होते. बाँडिंग काही आयुष्यभराचा सौदा नाही. साधारण पाच ते दहा वर्षांत ते बदलावे किंवा दुरुस्त करावे लागते. काँपोझिट मूळ दाताइतके कणखर नसते. सुपारी फोडणे, दाताने ऊस सोलणे, बाटलीचे झाकण उघडणे आणि परीक्षेच्या हॉलमध्ये पेनाचे टोपण चावणे, या साऱ्याला त्यानंतर रामराम ठोकावा लागतो. चहा, हळद, तंबाखू, मिश्री यांनी ते दातापेक्षा लवकर पिवळे पडते, आणि पुढे कधी औषधाने दात पांढरे केले तर दात उजळतात, जोड मात्र तसाच राहतो. दात किडलेला असेल, हिरड्या सुजलेल्या असतील, तर आधी त्यांवर उपचार हवेत. पडक्या भिंतीला रंग देऊन काय उपयोग?

दुसरा धोका याहून मोठा आहे. मोबाइलवर आजकाल 'स्माइल मेकओव्हर'च्या जाहिराती दिसतात. त्यांतले सगळे दात एका साच्यातून काढल्यासारखे, चुन्यासारखे पांढरे. ते पाहून आमच्या वयाची धडधाकट दातांची मुले व्हीनिअर बसवायला निघतात. त्यासाठी बहुतेक वेळा चांगल्या दाताचे कवच घासावे लागते, आणि घासलेले परत येत नाही, हे जाहिरातीत कुणी ठळक अक्षरांत सांगत नाही. तुटलेले जोडणे निराळे आणि जे निसर्गतः थोडे वाकडे, थोडे पिवळसर आहे त्याची लाज वाटू लागणे निराळे. सौंदर्याच्या कल्पना तरी कुठे कायमच्या असतात? आपल्याकडे एके काळी सुवासिनी दातवण लावून दात काळे करीत. जपानमध्येही दात काळे करण्याची प्रथा होती, आणि तिथल्या उमरावांना ती सोडायला लावण्यासाठी 1870 साली सरकारला बंदी घालावी लागली. आज पांढऱ्याचे दिवस आहेत. उद्याचे कुणी सांगावे? म्हणून माझी कसोटी साधी आहे. डॉक्टरकडे जाण्यापूर्वी स्वतःला विचारावे, मला माझे तोंड उघडायचे आहे की दुसऱ्याचे तोंड लावायचे आहे?

आता मित्राच्या आक्षेपाकडे येते. त्याला उत्तर देताना मला माझ्या मैत्रिणीबद्दल बोलावे लागेल. ती आमच्याच गावची, याच महाविद्यालयात माझ्यासोबत शिकते. लेखात लिहू का, असे मी तिला विचारले, तेव्हा ती म्हणाली, "लिही, पण नाव नको." तिच्या दातांवर तपकिरी पट्टे आहेत. ती रोज दोनदा दात घासते. लोक मात्र समजतात की ती मिश्री लावते.

हे डाग पाण्याचे आहेत. पाण्यात फ्लोराइड प्रमाणाबाहेर असले आणि ते पाणी लहानपणी, दात हिरडीच्या आत घडत असताना पोटात गेले, की एनॅमल सदोष तयार होते. 1901 साली फ्रेडरिक मॅके नावाच्या तरुण दंतवैद्याने अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावात असेच डाग पाहिले आणि वर्षानुवर्षे त्यांचा माग काढला. कारण पाण्यातले फ्लोराइड, हे 1931 साली सिद्ध झाले. आपल्याकडे भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते. दुसरे पाणीच नसेल तर 1.5 मिलिग्रॅमपर्यंत. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात, शेजारच्या चंद्रपूरमध्ये, पलीकडे नांदेडमध्ये कितीतरी गावांच्या विंधन विहिरींचे पाणी ही मर्यादा ओलांडते. ज्या हापशीच्या दांड्याने माझा दात तोडला, तिच्याच पाण्याने माझ्या मैत्रिणीचे दात डागाळले. आमचे घर शेतातल्या विहिरीचे पाणी पीत असे, म्हणून मी वाचले. यात माझा गुण तो काय?

माझे काम झाल्यावर मी तिला त्याच डॉक्टरांकडे नेले. त्यांनी नीट पाहून सांगितले, की फिकट डाग वरवर घासून कमी होतात, गडद डाग बाँडिंगने झाकता येतात. पण अशा एनॅमलवर पकड तितकीशी चांगली बसत नाही आणि तिचे किमान आठ दात करावे लागतील. बाहेर पडल्यावर तिने एसटी स्टँडपर्यंत तोंडातून शब्द काढला नाही. मग म्हणाली, "चौदा हजार चारशे." तिने गुणाकार केला होता. तिच्या वडिलांची कोरडवाहू शेती तीन एकर आहे.

माझा मित्र म्हणतो ते इथे खरे ठरते, असे कुणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. माझा दात जोडणे हा चोचला नव्हता आणि तिचे दात झाकणे हाही नाही. चोचला त्याला म्हणावे, ज्याची गरज नाही. दोघींची गरज एकच आहे. फरक खिशाचा आहे. तेव्हा 'हे गरिबाला परवडत नाही, म्हणून कुणीच करू नये' असे म्हणण्याऐवजी 'हे गरिबाला का मिळू नये?' असे विचारायला हवे. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयासारख्या ठिकाणी असे काम खाजगी दवाखान्यापेक्षा कमी खर्चात होऊ शकते. पण गावच्या किती मुलींना हे माहीत आहे? आणि माहीत असले तरी चार-चार फेऱ्यांचे भाडे आणि बुडणारी मजुरी कोण देणार? महाविद्यालयात वर्षातून एकदा दंततपासणी शिबिर भरते, दात मोजले जातात, टूथपेस्ट वाटली जाते, फोटो निघतो. त्याऐवजी दहा विद्यार्थ्यांचे उपचार पुरे करून दाखवले, तर ते शिबिर सार्थकी लागेल.

आणि तरीही बाँडिंगने त्या हापशीचे पाणी बदलणार नाही. मैत्रिणीच्या भावाला तीन वर्षांची मुलगी आहे. तिचे पुढचे कायमचे दात आज हिरडीच्या आत घडत आहेत. आम्ही दोघींनी गावच्या पाण्याचा नमुना बाटलीत भरून जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत दिला. फ्लोराइड मर्यादेपेक्षा जास्त निघाले. त्यानंतर हापशीवर लाल रंगाचा पट्टा ओढला गेला. पण नळयोजनेचे पाणी चार दिवस आले नाही, की बायका लाल पट्टा पाहत पाहत तिथेच घागर भरतात. तहान रंग ओळखत नाही. आमचा अर्ज ग्रामपंचायतीत पडून आहे. त्याच्या मागे लागणे हे यंदाचे आमचे काम.

मित्रमैत्रिणींनो, या अंकात स्नेहसंमेलनाचा फोटो छापला जाईल. त्यात दुसऱ्या ओळीत मी दात दाखवून हसते आहे आणि माझ्या शेजारचीचा हात तोंडावर आहे. फोटो पाहून कुणी तिला 'लाजाळू' म्हणाले, तर त्याला एवढेच विचारा, की तिच्या गावचे पाणी तू कधी तपासलेस का?