गणिताला आकाशाची साक्ष

२४ ऑक्टोबर १९९५ रोजी सकाळी चंद्राची पूर्ण छाया राजस्थानातील नीम का थाना, पुढे फत्तेपूर सिक्री आणि अलाहाबादनजीकचे इरादतगंज या मार्गाने पूर्वेकडे सरकत गेली. २२ जुलै २००९ रोजी सूर्योदयाच्या सुमारास तीच छाया सुरत, इंदूर, भोपाळ, वाराणसी आणि पाटणा या बाजूने गेली. नकाशावर हे दोन पट्टे काढले, तर झाशी शहर दोहोंच्या मध्ये पडते : पहिल्याच्या दक्षिणेस, दुसऱ्याच्या उत्तरेस. दोन्ही वेळा झाशीस ग्रहण खंडग्रासच होणार, असे गणिताने आधीच सांगितले होते. खग्रास पट्ट्यात उभ्या असलेल्या माणसाला गणिताचा खरेपणा सहज पटतो. परंतु पट्ट्याबाहेरच्या गावी सूर्याची कोर शिल्लक राहावी, हीदेखील तितकीच भक्कम साक्ष होय.

आज असे गणित करण्यासाठी ज्योतिषाचा मोठा ग्रंथ उघडावा लागत नाही. स्टेलॅरियमसारखे खगोलदर्शक सॉफ्टवेअर शाळेच्या संगणकावर विनामूल्य चालते आणि झाशीचे आकाश हव्या त्या क्षणी पडद्यावर मांडते. या सोयीबरोबर दोन चुकीच्या वृत्तीही आल्या आहेत. पडद्यावर आकडा उमटला म्हणजे तो खराच, असे काहीजण मानतात. तर एखाद्या वेळी मिनिटा-दोन मिनिटांचा फरक दिसताच सगळे गणितच खोटे, असे दुसरे म्हणू लागतात. दोघेही तपासणीचे कष्ट टाळतात, हा दोहोंचा समान दोष आहे.

गणित आकाशाशी ताडून पाहण्याला आपल्याकडे दृक्प्रत्यय असे नाव आहे आणि महाराष्ट्राला त्याची मोठी परंपरा आहे. कोकणातील नांदगावच्या केशव दैवज्ञांनी निरनिराळ्या सिद्धान्तांवरून आलेली ग्रहस्थाने वेधांशी पडताळून पाहिली. त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ यांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे इ. स. १५२० मध्ये, ग्रहलाघव रचला, तेव्हा ज्या ग्रहाचे जे गणित आकाशाशी जुळले, ते त्यांनी स्वीकारले. पुढे मात्र त्याच ग्रंथाला पिढ्यान्‌पिढ्या प्रमाण मानून पंचांगे होत राहिली आणि आकाशाकडे पाहण्याची चाल मागे पडली. बारीक अंतरे साठत गेली. १८६५ मध्ये केरो लक्ष्मण छत्रे यांनी नव्या गणिताचे पंचांग सुरू केले, ते हे अंतर दूर करण्यासाठीच. वेधांतून जन्मलेला ग्रंथ वेध थांबताच जुना होतो, हा त्यातला धडा आहे. तो सॉफ्टवेअरलाही जसाच्या तसा लागू पडतो.

झाशीत नेवाळकरांच्या काळापासून राहत आलेल्या मराठी कुटुंबांना या प्रश्नाची व्यावहारिक बाजू ठाऊक असेल. सूर्योदयी कोणती तिथी आहे यावरून अनेक सणांचा दिवस ठरतो. आणि झाशी मुंबईच्या पूर्वेस असल्याने केवळ रेखांशामुळे तेथील सूर्य मुंबईपेक्षा सुमारे २३ मिनिटे आधी उगवतो. ऋतुमानाप्रमाणे अक्षांशाचा फरक त्यात भर घालतो किंवा घट करतो. तिथी नेमकी या अवधीत संपत असेल, तर मुंबई धरून केलेले पंचांग आणि झाशीचे आकाश वेगवेगळे दिवस सांगतील. दोन्ही गणिते बिनचूक असतील. फक्त स्थळ निराळे असेल. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीने सर्व देशासाठी एकच मध्यवर्ती स्थान सुचविले, त्याचे कारण हेच होय.

म्हणून कोणतीही तपासणी स्थळापासून सुरू व्हावी. झाशीचा रेखांश सुमारे ७८ अंश ३४ कला पूर्व आहे आणि भारतीय प्रमाण वेळ ८२ अंश ३० कलांवरून ठरते. या अंतरामुळे झाशीचा मध्यान्ह प्रमाण वेळेच्या बारानंतर सरासरीने पावणेसोळा मिनिटांनी होतो. सूर्याची दैनंदिन चाल वर्षभर सारखी नसल्याने ३ नोव्हेंबरच्या सुमारास तो ११ वाजून ५९ मिनिटांनी, तर ११ फेब्रुवारीच्या सुमारास १२ वाजून ३० मिनिटांनी येतो. सपाट जागी एक मीटर उंचीची काठी सरळ उभी करावी आणि तिच्याभोवती वर्तुळ काढावे. छायेचे टोक सकाळी व दुपारी त्या वर्तुळास ज्या दोन क्षणी स्पर्श करील, त्यांच्या मधली वेळ म्हणजे मध्यान्ह. या रीतीत सूर्याकडे पाहण्याचा धोका मुळीच नाही. मध्यान्हीची छाया २१ जूनला जेमतेम साडेतीन सेंटीमीटर, तर २२ डिसेंबरला सुमारे ११५ सेंटीमीटर भरते. मात्र सूर्यबिंब अर्धा अंश रुंद असल्याने छायेची कड एक-दोन सेंटीमीटर पुसट असते. एवढी चूक आपल्या साधनाची आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. ती सॉफ्टवेअरच्या माथी मारणे अन्याय्य होईल.

कोणत्या घटनेकडून किती सूक्ष्मतेची अपेक्षा करावी, यालाही विवेक लागतो. क्षितिजावरील सूर्य वातावरणातील वक्रीभवनामुळे सुमारे ३४ कला उचललेला दिसतो, आणि हे प्रमाण हवेच्या तपमानाबरोबर बदलते. म्हणून सेकंदापर्यंत दिलेली सूर्योदयाची वेळ हा अचूकतेचा निव्वळ आभास होय. ७ सप्टेंबर २०२५ च्या चंद्रग्रहणात उपच्छायेचा आरंभ रात्री ८ वाजून ५८ मिनिटांनी दिला होता. पण तो डोळ्यांना दिसत नाही. दृश्य स्पर्श ९ वाजून ५७ मिनिटांनी होता. हा भेद ज्याला ठाऊक नाही, तो गणित तासाने चुकले असे समजेल. खरी कठोर परीक्षा पिधानाची. चंद्राआड तारा जातो तो क्षणार्धात दिसेनासा होतो, कारण चंद्राला वातावरण असून नसल्यासारखे आहे. चंद्र सेकंदाला सुमारे एक किलोमीटर चालतो. म्हणजे हा क्षण सेकंदापर्यंत टिपणारा विद्यार्थी लहानशा दुर्बिणीने त्या दूरच्या गोलाची जागा किलोमीटरभराच्या सूक्ष्मतेने पारखीत असतो.

आता कोणी म्हणेल की, हे सॉफ्टवेअर मोठ्या वेधशाळांच्या गणितावर उभे आहे. शाळकरी मुलांनी ते तपासून काय साधणार? या आक्षेपाचे उत्तर त्या गणिताच्या पोटातच आहे. पृथ्वीचे भ्रमण अगदी एकसारखे नाही. ते पुढे कसे बदलेल हे कोणतेही सूत्र नेमके सांगू शकत नाही. आर्यभटाच्या काळातील ग्रहणाचे गणित करताना या कारणाने सुमारे दीड तासाचा फरक धरावा लागतो, आणि तो किती धरावा हे बाबिलोन, चीन व अरब देशांतील जुन्या निरीक्षकांच्या नोंदींवरून ठरले आहे. सॉफ्टवेअरच्या आकड्यांमागे अशी अनेक माणसे उभी आहेत. नोंद करणारा विद्यार्थी त्याच रांगेत उभा राहतो.

फरक दिसला तर काय करावे? प्रथम स्थळ, घड्याळ आणि स्वतःचे साधन तपासावे. बहुतेक फरक तेथेच विरतात. तरीही उरला, तर तो खोडून टाकू नये. गुरूच्या चंद्राची ग्रहणे कोष्टकातील वेळेपेक्षा कधी आधी, कधी उशिरा होतात, हा फरक ओले रोमर याने १६७६ मध्ये दुर्लक्षिला असता, तर प्रकाशाला प्रवासास वेळ लागतो हे तेव्हा कळले नसते.

झाशीच्या आणि इतर कोणत्याही गावच्या शाळेत यासाठी एक वही पुरेशी आहे. सॉफ्टवेअरने दिलेली वेळ घटनेच्या आदल्या दिवशी शाईने लिहावी; शेजारी प्रत्यक्ष पाहिलेली वेळ आणि तिच्यातील संभाव्य चूक लिहावी; आकाश ढगाळ असेल, तर तेही लिहावे. नंतर कोणताही आकडा बदलू नये. अशा वहीची पाने भरत जातील, तसतसा विद्यार्थ्याचा गणितावरील विश्वास दृढ होईल, आणि तो विश्वास कोणाच्या सांगण्यावरून ठेवलेला नसेल.